गावाच्या पाण्याचा जमाखर्च

‘पाणी हेच जीवन’ या विषयावर तुम्ही आतापर्यंत किती निबंध लिहिलेत? दोन? तीन? ‘पाणी वाचवा’ असे सांगत निघालेल्या प्रभातफेरीतही तुमच्यापैकी बहुतेक जण घोषणा देत हिंडले असतील. आता एक वेगळा प्रश्न. गेल्या पावसाळ्यात तुमच्या गावात किती पाऊस पडला? ‘पुष्कळ’, ‘बरा’, ‘बेताचाच’ अशी उत्तरे नकोत. नेमका किती मिलिमीटर? आणि शाळेजवळच्या विहिरीत आज पाणी किती खोलीवर आहे?

उत्तर येत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. गावातल्या मोठ्या माणसांना विचारलेत तरी पुष्कळ ठिकाणी हेच होईल. पण याचा अर्थ काय होतो, तो जरा पाहू. घरात महिन्याला किती पैसे येतात हे ठाऊक नसताना दिवाळीची खरेदी कोणी करील का? पाण्याच्या बाबतीत मात्र आपली कितीतरी गावे वर्षानुवर्षे हेच करीत आली आहेत. पावसाळा संपतो, विहिरी काठोकाठ दिसतात, आणि ज्याला जे वाटेल ते पीक तो घेतो. होळीच्या सुमारास विहिरींचे तळ दिसू लागतात. गुढीपाडवा उलटला की टँकरची वाट पाहणे सुरू होते. मग हंडा घेऊन लांबवर कोण जाते? बहुधा घरातली आई आणि शाळा बुडवून तिच्याबरोबर जाणारी मुलगी. म्हणजे हिशेब न ठेवल्याचा दंड तुमच्याच वर्गातल्या कोणाला तरी भरावा लागतो.

हा हिशेब ठेवण्याचे काम तुम्ही करू शकता. त्याला यंत्रे लागत नाहीत की पैसा लागत नाही. लागते ती आठवीपर्यंतची भूमिती, एक वही आणि रोजचा नेम. ते कसे करायचे, ते पायरीपायरीने पाहू.

पाऊस मोजण्याची जुनी विद्या

पाऊस मोजणे ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठाराच्या पुढे एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेवून त्यात पाऊस मोजावा, असे सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांत किती पाऊस पडतो, तेही त्यात ‘द्रोण’ या मापाने दिलेले आहे. अपरांत म्हणजे आपले कोकण. तिथला पाऊस मात्र अमाप, असा शेरा आहे! धान्याच्या कोठाराच्या अधिकाऱ्याला पावसाचा आकडा कशासाठी हवा होता? पाऊस किती यावर पेरणी काय करायची आणि सारा किती येणार, हे ठरत असे म्हणून.

आपले शेतकरीही आपल्या परीने मोजतच आले आहेत. ‘मृगात बोटभर ओल गेली’, ‘आर्द्रात वीतभर गेली’ हे बोलणे तुम्ही ऐकले असेल. जमिनीत ओल किती खोल उतरली, याचे ते मापच आहे. मात्र ते वहीत उतरत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी ताडून पाहायला हाती काही राहत नाही. आपल्याला एवढीच उणीव भरून काढायची आहे.

आपला पर्जन्यमापक

शीतपेयाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. तिचा वरचा निमुळता भाग जिथे संपतो तिथे बाटली आडवी कापा. कापलेला भाग उलटा करून, बूच काढून, खालच्या भागावर नरसाळ्यासारखा बसवा. त्यामुळे आत पडलेले पाणी उडून जात नाही आणि त्याची वाफही फारशी होत नाही. भोवती चार विटा लावून बाटली घट्ट उभी करा. तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि अगदी सपाट असावे. भिंत किंवा झाड जेवढे उंच असेल, त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर बाटली ठेवा. नाहीतर तुम्ही पाऊस न मोजता पागोळ्याच मोजाल.

आता बाटलीच्या तोंडाचा व्यास मोजा. समजा, तो १० सेंटिमीटर भरला. त्रिज्या ५ सेंटिमीटर. मग तोंडाचे क्षेत्रफळ ३.१४ × ५ × ५, म्हणजे ७८.५ चौरस सेंटिमीटर झाले. साठलेले पाणी प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओता. समजा, ते १५७ मिलिलिटर भरले. १५७ ला ७८.५ ने भागले की २ सेंटिमीटर, म्हणजेच २० मिलिमीटर पाऊस झाला. नळ्या, भिंगे, काही लागले नाही!

हवामान खात्याची माणसे सकाळी साडेआठला पाऊस मोजतात. तुम्हीही तीच वेळ पाळा, म्हणजे तुमचा आकडा तालुक्याच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. दोन्ही आकडे कित्येकदा जुळणार नाहीत. त्यात नवल नाही. वळवाचा पाऊस ओढ्याच्या एका काठाला झोडपतो आणि दुसऱ्या काठाला धूळच राहते. म्हणून तर गावाचा पाऊस गावातच मोजायला हवा.

एक मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

एक मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीची दोन-तीन पट. एवढ्याशा पावसाने काय होते, असे वाटेल. पण गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी साचले, तर ते बरोबर एक लिटर भरते. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. म्हणजे एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी पडले. एक मोठा टँकर भरला!

आता शाळेच्या छपराकडे पाहा. समजा, ते २०० चौरस मीटर आहे आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर आहे. छपरावर १ लाख लिटर पाणी पडले. काही उडाले, काही भिजण्यात गेले असे धरून शंभरातले ऐंशी भाग पन्हाळीतून आले, तरी ८०,००० लिटर झाले. शाळेत २०० मुले असतील, प्रत्येकाने रोज दोन लिटर पाणी प्यायले आणि वर्षात शाळा २०० दिवस भरली, तर लागणारे पाणीही ८०,००० लिटरच. आहे की नाही गंमत? अर्थात एवढी मोठी टाकी बांधणे सोपे नसते आणि छपराचे पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यावे लागते. पण आपल्या डोक्यावर काय पडते आणि गटारातून काय वाहून जाते, हे या गणिताने डोळ्यांपुढे येते.

पडलेले पाणी जाते कुठे?

पावसाच्या पाण्याला तीन वाटा असतात. काही उन्हाने आणि झाडापिकांच्या पानांवाटे पुन्हा हवेत जाते. काही ओढ्यानाल्यांतून वाहून जाते. उरलेले जमिनीत मुरते आणि तेच पुढे विहिरींतून आपल्या हाती येते.

मुरण्याचा भाग मोठा करायचा असेल, तर जमीन पाणी कसे पिते ते पाहायला हवे. यासाठी एक प्रयोग करा. नळकामाच्या जाड प्लास्टिक पाइपाचा वीतभर लांबीचा तुकडा घ्या. पाइप शक्य तितका रुंद असावा. त्यावर फळी ठेवून हलक्या हाताने ठोका आणि तो पाच सेंटिमीटर जमिनीत बसवा. आतल्या बाजूला पट्टी उभी धरून पाणी ओता आणि पातळी दोन सेंटिमीटर खाली जायला किती वेळ लागतो, ते घड्याळावर पाहा. कोरडी जमीन पहिल्यांदा घाईने पाणी पिते, म्हणून लागोपाठ तीनदा मोजा आणि तिसरा आकडा लिहा. हा प्रयोग चार ठिकाणी करा: शाळेच्या तुडवलेल्या मैदानावर, नांगरलेल्या शेतात, गवताच्या पट्ट्यात आणि पालापाचोळा पडलेल्या झाडाखाली. चारही आकडे शेजारी शेजारी लिहिले की उतारावर गवत राखा, चराई आवरा, समतल चर खणा असे जाणकार का सांगतात, ते आपोआप कळेल. वाहणारे पाणी अडून थोडा वेळ थांबले, तरच जमिनीला ते पिण्याची उसंत मिळते.

मुरलेले पाणी साठते कुठे? महाराष्ट्राचा शेकडा ऐंशीहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. हा खडक काही स्पंजासारखा नाही. वरचा मुरूम, झिजलेला थर आणि खडकातल्या भेगा यांतच पाणी राहते. साधारणपणे अशा झिजलेल्या खडकाचे १०० लिटर आकारमान घेतले, तर त्यातून आपल्या हाती लागणारे पाणी अवघे दोन लिटर असते. खालचा अखंड कातळ तर जवळजवळ कोरडाच. म्हणून आपल्याकडची भूजलाची तिजोरी मुळातच लहान आहे. पावसाळ्यात ती लवकर भरते आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रिकामी होते.

विहीर हे बँकेचे पुस्तक

बँकेत किती शिल्लक आहे ते पासबुकात दिसते. जमिनीत किती शिल्लक आहे ते विहिरीत दिसते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींतली पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपण आपल्या गावापुरते हे काम दर पंधरवड्याला करू.

गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या मिळून पाच-सहा विहिरी निवडा. मालकांची परवानगी घ्या. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि नेहमी तिथूनच मोजा. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा आणि टोकाला लहानसे वजन बांधा. वजन पाण्याला टेकल्याचा आवाज आणि हाताला लागणारी ढील यांवरून पातळी कळते. मोजणी पहाटे किंवा सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी करा. पंप चालू असताना पाणी तात्पुरते खाली गेलेले असते आणि आकडा फसवतो.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. विहिरीवर एकट्याने कधीही जायचे नाही. शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस बरोबर हवेच. ज्या विहिरीला कठडा नाही, ती आपल्या यादीत घ्यायची नाही.

आता हा आकडा काय सांगतो ते पाहू. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पातळी एक मीटर वाढली, तर विहिरीत सुमारे २८,२६० लिटर पाणी वाढले. पण खरे पाणी विहिरीत नसते, भोवतालच्या खडकात असते. एका हेक्टरातल्या खडकात पातळी एक मीटर वर आली, तर १०,००० घनमीटर खडक भिजला. त्याचे शेकडा दोन म्हणजे २०० घनमीटर, अर्थात २ लाख लिटर पाणी साठले. मे महिन्याची पातळी आणि ऑक्टोबरची पातळी यांतील फरक मिळाला की गावाची ठेव काढता येते.

जमाखर्च मांडू

समजा, एक गाव आहे. क्षेत्र १,००० हेक्टर, लोकसंख्या २,०००, गुरे १,००० आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर. हे गाव आपण गणितासाठी कल्पिले आहे. तुम्ही तुमच्या गावाचे आकडे घाला.

गावावर पडलेले एकूण पाणी ५० लाख घनमीटर, म्हणजे ५०० कोटी लिटर. बाप रे! एवढे पाणी असून टँकर कशाला, असे वाटते ना? थांबा. काळ्या पाषाणाच्या झिजलेल्या व भेगाळ भागात पावसाच्या साधारण ७ ते १३ टक्के पाणी मुरते असे भूजलशास्त्रज्ञ हिशेबासाठी धरतात. आपण १० टक्के धरू. म्हणजे जमा झाले ५० कोटी लिटर. बाकीच्यातला मोठा भाग खरिपाच्या पिकांनी, गवताने, झाडांनी आणि उन्हाने घेतला, आणि काही ओढ्याने नेला.

याची पडताळणीही करता येते. समजा, गावातला पाणी धरणारा खडक ५०० हेक्टरांत पसरला आहे आणि विहिरींची पातळी मे ते ऑक्टोबरमध्ये सरासरी ५ मीटर वर आली. ५०० × ५ × २ लाख म्हणजे ५० कोटी लिटर. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर! प्रत्यक्षात दोन्ही आकडे असे तंतोतंत जुळणार नाहीत. पण ते एकमेकांच्या आसपास आले, तर आपला हिशेब बरा आहे असे समजावे.

आता खर्चाची बाजू. मुरलेल्या पाण्यापैकी काही झऱ्यांवाटे पुन्हा ओढ्यात जाते. ते ५ कोटी धरू. उरले ४५ कोटी. माणशी रोज ५५ लिटर या मापाने दोन हजार माणसांना वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागतात. गुराला रोज ५० लिटर धरले, तर हजार गुरांना सुमारे २ कोटी. हे ६ कोटी सर्वांत आधी बाजूला काढायचे. त्यांना हात लावायचा नाही. उरले ३९ कोटी लिटर. रब्बी आणि उन्हाळी पिकांसाठी एवढेच आहे.

पिकांची तहान निरनिराळी असते. ढोबळ मानाने हरभऱ्याला हंगामात २५० मिलिमीटर आणि गव्हाला ४५० मिलिमीटर पाणी धरू. उसाला वर्षाचे २,००० मिलिमीटर लागते. त्यातले काही पावसातून मिळते, ते वजा जाता विहिरीतून १,५०० मिलिमीटर द्यावे लागते असे धरू. हेक्टरी हिशेब केला तर हरभऱ्याला २५ लाख, गव्हाला ४५ लाख आणि उसाला दीड कोटी लिटर झाले. आता ३९ कोटींना यांनी भागा:

हरभरा केला तर १५६ हेक्टर भिजतील.
गहू केला तर सुमारे ८६ हेक्टर.
ऊस लावला तर अवघे २६ हेक्टर.

यात पाटातली गळती धरलेलीच नाही. आणखी एक भागाकार करून पाहा. माणशी रोजच्या ५५ लिटरचे वर्षाला २०,०७५ लिटर होतात. म्हणजे एका हेक्टर उसाला विहिरीतून जे पाणी जाते, ते सुमारे साडेसातशे माणसांचे वर्षभराचे पाणी असते. ऊस वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. ठिबक सिंचनाने त्याचीही गरज कमी करता येते. ज्या गावाच्या तिजोरीत किती आहे हे ठाऊक आहे, त्या गावाने काय लावायचे ते विचार करून ठरवावे. ठाऊक नसताना लावू नये, एवढेच हे गणित सांगते.

पाऊस रुसतो त्या वर्षी

याच गावात एखाद्या वर्षी ३०० मिलिमीटर पाऊस पडला तर? पाऊस निम्म्याहून अधिक आहे, तेव्हा मुरलेले पाणीही निम्म्याहून अधिक असेल, असे वाटेल. तसे होत नाही. पावसाचे पहिले पाणी तापलेली माती आणि पिके घेतात. त्यांची तहान भागल्यावर उरेल ते खाली उतरते. म्हणून कमी पावसात मुरण्याचे प्रमाणही घटते. ते ६ टक्के धरू. एकूण पडले ३०० कोटी लिटर, मुरले १८ कोटी. ओढ्यात गेलेले २ कोटी आणि माणसागुरांचे ६ कोटी वजा करा. शेतीला उरले १० कोटी. म्हणजे हरभरा ४० हेक्टर आणि बस्स!

या गावाने नेहमीप्रमाणे २६ हेक्टर ऊस उभा केला, तर त्याला ३९ कोटी हवेत आणि जमिनीत माणसांचे धरूनही अवघे १६ कोटी आहेत. असे झाले की जो सर्वांत खोल विहीर खणतो, त्याला पाणी मिळते. बाकीच्यांची पिके वाळतात आणि पिण्याची विहीरही कोरडी पडते. हे फेब्रुवारीत कळून उपयोग नाही. ते ऑक्टोबरमध्येच कळायला हवे. तुमच्या वहीचे मोल इथे आहे.

ज्यांनी हिशेब ठेवला

हे सगळे कागदावरचेच गणित आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून काही खरी उदाहरणे पाहू.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतले गाव. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने समतल चर, बंधारे, झाडे, चराईबंदी अशी कामे हाती घेतली. अशी कामे अनेक गावांनी केली आहेत. हिवरे बाजाराचे वेगळेपण पुढे आहे. पावसाळा संपला की ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून त्या वर्षीची पिके ठरवायची, हा परिपाठ गावाने घातला. उसासारखी फार पाणी पिणारी पिके आणि शेतीसाठी विंधनविहिरी यांवर गावानेच बंधन घातले. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

त्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरवायचा, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे त्याचे नियम होते. विचार करा, असे वाटे पाडायचे तर आधी पाणी किती आहे ते मोजलेले असायलाच हवे.

आणि तरुणांचे म्हणाल तर राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातील धरता आणि गुजरातच्या अरवल्ली जिल्ह्यातील मेघरज या पाणलोटांत २०१२ पासून एक प्रकल्प राबवला गेला. शास्त्रज्ञांनी गावातल्याच तरुण स्त्री-पुरुषांना शिकवून तयार केले. त्यांना ‘भूजल जानकार’ म्हणत. पाऊस, विहिरींची पातळी आणि बंधाऱ्यांतले पाणी ते नियमाने मोजत आणि गावकऱ्यांना समजावून सांगत. तिथली जमीन आणि खडक आपल्यापेक्षा वेगळे, पण दोरी, टेप आणि वही तीच!

आकडा खरा हवा

या कामात एक मोह होतो. कधी आपण आजारी पडतो, कधी सुटीत मामाच्या गावी जातो, आणि वाचन राहून जाते. मग आदल्या दिवसाचा आकडा पाहून अंदाजाने रकाना भरावासा वाटतो. तसे कधीही करू नका. मोजले नसेल तर रकाना रिकामा ठेवा. मोजले आणि पाऊस नसेल तर ‘०’ लिहा. रिकामा रकाना आणि शून्य यांत फार मोठा फरक आहे. शून्य म्हणजे ‘पाहिले, पाऊस नव्हता’. रिकामा म्हणजे ‘पाहिले नाही’. एक खोटा आकडा सापडला की लोक साऱ्या वहीवरच अविश्वास दाखवतात, आणि तो रास्तच असतो. यासाठी चार-पाच जणांची तुकडी करा आणि पाळ्या लावा.

महिन्याचा पाऊस आणि विहिरींची पातळी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहीत जा. २ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा भरते. पावसाळा सरत आलेला असतो आणि रब्बीची पेरणी तोंडावर असते. शिक्षकांच्या मदतीने त्या सभेत दहा मिनिटे मागून घ्या आणि जमाखर्च वाचून दाखवा. अमक्याने अमुक पीक घेऊ नये, असे तुम्ही सांगू नका. ते ठरवणे मोठ्यांचे काम. तुम्ही आकडे सांगा आणि ते कसे मोजले तेही सांगा. कोणी शंका घेतली तर त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पर्जन्यमापकापाशी बोलवा.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्तुळाचे क्षेत्रफळ, सरासरी, शेकडेवारी, आलेख हे सारे धडे या एका वहीतून शिकवता येतील. भूगोलातला पाणलोट आणि विज्ञानातले बाष्पीभवन यांनाही तीच वही पुरेल.

शहरातल्या मित्रांनी हिरमुसण्याचे कारण नाही. तुमच्या इमारतीला पाण्याचा मीटर असेल. रोज एकाच वेळी तो वाचा आणि इमारतीतल्या माणसांच्या संख्येने भागा. आपल्याकडे शहरी पुरवठ्याचे माप माणशी रोज १३५ लिटर धरतात. तुमचा आकडा त्याच्या वर आहे की खाली? रात्री सारे झोपल्यावरही मीटरचा काटा फिरत असेल, तर टाकी भरते आहे की कुठे गळती आहे, याचा शोध घ्या. उन्हाळ्यात टँकर येत असतील तर ते किती आणि कोणत्या महिन्यापासून, हेही लिहा.

जूनच्या १ तारखेला वही उघडा. तारीख, पाऊस, मोजणाऱ्याचे नाव असे तीन रकाने आखा. सकाळी साडेआठला बाटलीजवळ जा. पाऊस अजून आलेला नसेल आणि पहिल्या रकान्यात बहुधा ‘०’ लिहावे लागेल. ते निःसंकोच लिहा. तुमच्या गावाचे ते पहिले खरे वाचन असेल.